चहा आणायला पाठवलेला मुलगा

माझे अब्बा मुंबईत जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात फिटर होते. कोकणातली खाडी सोडून ते सोळाव्या वर्षी मुंबईला आले आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागले. उस्तादाचं काम होतं बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल भरण्याचं. जहाजाच्या इंजिनाचा दांडा ज्या गादीवर फिरतो, त्या गादीला मऊ धातूचं अस्तर असतं. ते झिजलं की जुना धातू काढायचा, नवा वितळवून ओतायचा आणि मग तासून, घासून दांड्याला बरोबर बसवायचा. सगळी मेख असते ती धातू ओतण्याच्या क्षणात. धातू थंड असला तर तो धरत नाही, निघून येतो. जास्त तापला तर बिघडतो, लवकर झिजतो.

मूस भट्टीवर चढायची, धातू पाण्यासारखा हलू लागायचा, आणि नेमका त्याच वेळी उस्ताद म्हणायचा, ‘‘जा रे, चहा घेऊन ये.’’ अब्बा किटली घेऊन धावत जायचे, धावत यायचे. तोवर धातू ओतून झालेला असायचा. दोन वर्षं हे असंच चाललं. अब्बा सांगायचे, ‘‘त्या दोन वर्षांत मी चहा आणायला इतका तरबेज झालो की हॉटेलवाल्याने मला नोकरी देऊ केली होती.’’

मग एकदा बाकाखाली झाडू मारताना त्यांना लाकडाच्या काड्या सापडल्या. देवदारच्या खोक्याच्या फळीतून काढलेल्या, बोटभर लांब. प्रत्येकीचं टोक तपकिरी, करपलेलं, पण जळून कोळसा झालेलं नाही. अब्बांनी त्या रात्री विचार केला आणि त्यांना उमगलं. उस्ताद वितळलेल्या धातूत काडी बुडवून बघत होता. काडी पांढरी राहिली तर धातू अजून कच्चा. भुर्रकन पेटली तर जास्त तापला. तपकिरी होऊन करपली, की ओत. त्या काळात त्या शेडमध्ये उष्णतामापक नव्हता. एका काडीवर उस्तादाची चाळीस वर्षांची नोकरी उभी होती, आणि ती काडी कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून चहा होता.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला उस्तादाचा राग यायचा. आता माझी पन्नाशी उलटली, आणि राग कुणाचा करावा हे तेवढं सोपं वाटत नाही. माणूस ज्ञान लपवतो तेव्हा तो त्याचा स्वभाव असतो, की ज्या ठिकाणी तो काम करतो त्या ठिकाणची रीत त्याच्याकडून लपवून घेत असते? मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचा माग घेत मी मुंबईच्या गोदीच्या इतिहासात शिरलो. अब्बा ज्या पाण्याकाठी राबले, त्याच पाण्याकाठी तीनशे वर्षांपूर्वीपासून हाच खेळ चालला होता. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

मुंबईच्या जहाजबांधणीचा आरंभ खरं तर सुरतेत होतो. 1735 साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेला एक जहाज बांधायला दिलं होतं. कामावर देखरेख करायला मुंबईहून डडली नावाचा अधिकारी गेला होता. तिथे एका तरुण पारशी फोरमनचं काम त्याच्या डोळ्यांत भरलं. हा लवजी नसरवानजी. गुजरातीत जहाज बांधणाऱ्याला वाडिया म्हणतात आणि पुढे तेच या घराण्याचं नाव झालं. कंपनीला मुंबईत स्वतःची गोदी हवी होती. डडलीने लवजीला विचारलं, मुंबईला येतोस का?

लवजी लगेच निघाला नाही. मी दुसऱ्या मालकाच्या चाकरीत आहे, त्याची परवानगी मिळाल्याशिवाय येणार नाही, असं त्याने सांगितल्याची नोंद आहे. मालकाला असा माणूस हातचा घालवणं सोपं गेलं नसणार, पण अखेर परवानगी मिळाली. 1736 मध्ये लवजी काही निवडक सुतार बरोबर घेऊन मुंबईला आला.

या प्रसंगात मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे कंपनीने सुरतेहून नकाशे मागवले नाहीत, माणूस मागवला. आणि माणूस एकटा आला नाही, तो आपले सुतार घेऊन आला. जहाज बांधण्याचं ज्ञान एका डोक्यात मावत नाही, ते दहा जोड हातांत वाटलेलं असतं. एकाने करवत धरली की दुसऱ्याला न सांगता कळतं की आता पाचर कुठे मारायची. सुरतेच्या सुतारांची फळ्या जोडण्याची तऱ्हा युरोपियनांहून निराळी होती. फळीला फळी नुसती चिकटवून मधली फट बुजवण्याऐवजी ते कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवत आणि मध्ये राळ आणि कापूस भरत. सांधा असा बसे की तो शोधावा लागे. त्या काळी इकडे आलेल्या युरोपियन प्रवाशांनी याचं कौतुक लिहून ठेवलं आहे. पण कौतुक वाचून कुणाला तो सांधा जमेल असं नाही. तो सुरतेहून मुंबईला आला तो हातांतून.

1750 च्या दशकात मुंबईत सुकी गोदी तयार झाली. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि कोरड्यात तळाचं काम करायचं. 1765 पर्यंत अशा तीन गोद्या एकापुढे एक झाल्या होत्या. आजही नौदलाच्या गोदीत त्या वापरात आहेत. कंपनीने लवजीला मानाची शाल आणि चांदीची फूटपट्टी दिली. सुताराला फूटपट्टी देणं यात मला मोठा अर्थ वाटतो. जणू, तुझं माप आम्हाला मान्य आहे, असंच सरकारने म्हटलं.

1774 मध्ये लवजी वारले. त्यांच्या जागी मुलगे माणेकजी आणि बमनजी आले. त्यांच्यानंतर त्यांचे मुलगे, फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी. त्यानंतर जमशेटजींचे नवरोजी. 1880 च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं, मुंबईच्या गोदीचं मास्टर बिल्डर हे पद या एकाच घराण्यात राहिलं. घरातला मुलगा लहान वयात गोदीत यायचा, साध्या सुताराची हत्यारं हातात घ्यायचा आणि वर्षानुवर्षं काम करत वर चढायचा. शाळा नव्हती, पुस्तक नव्हतं. बाप हीच शाळा आणि चुलता हा परीक्षक.

बाहेरून बघणाऱ्याला ही सरळ मक्तेदारी वाटेल. पण त्यांच्या बाजूने पाहा. मालक परका, राज्य त्याचं, साग त्याने विकत घेतलेला, जागा त्याची. या घराण्याकडे स्वतःचं असं काय होतं? फक्त येणारं काम. ते सगळ्यांना येऊ लागलं तर उद्या घराण्याची गरज कुणाला उरणार? ज्याच्याकडे दुसरी मालमत्ता नसते, तो आपल्या हुन्नराला कुलूप लावतो. माझ्या अब्बांच्या उस्तादाने तेच केलं होतं. फरक एवढाच की वाडियांच्या कुलपाची किल्ली निदान घरातल्या पुढच्या पिढीकडे जात होती. उस्तादाला मूल नव्हतं.

आणि याच जागी एक कबुली द्यायला हवी. गोदीत शेकडो सुतार, लोहार, राळ लावणारे, दोरखंड वळणारे राबले. मास्टर बिल्डरांची नावं आपल्याला पिढीवार माहीत आहेत, त्यांची तैलचित्रं आहेत. या बाकीच्यांची नावं कुठल्या कवितेत नाहीत आणि कुठल्या भाषणातही नाहीत. ज्ञानाच्या वाटणीचा विचार करताना नावाची वाटणीही विसरू नये.

आता दुसरी भिंत बघू. ती घराण्याची नव्हती, समुद्राची आणि कागदाची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड नेपोलियनशी लढत होतं. लढाऊ जहाजं भराभर हवी होती आणि चांगला ओक मिळेनासा झाला होता. तेव्हा ब्रिटिश नौदलाची नजर मुंबईकडे वळली. इथे मलबारचा साग होता. ओकच्या लाकडात लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलात ते टिकतात. जमशेटजी बमनजींनी बांधलेलं ‘मिंडेन’ हे 74 तोफांचं जहाज 1810 मध्ये पाण्यात उतरलं. ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलेलं नौदलाचं हे पहिलं मोठं लढाऊ जहाज. त्यानंतर 1813 चं ‘कॉर्नवॉलिस’. याच जहाजावर पुढे 1842 मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. नवरोजींच्या काळात 1824 मध्ये उतरलेलं ‘एशिया’ 1827 च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश आरमारप्रमुखाचं जहाज होतं.

पण मला गोष्ट सांगायची आहे ती ‘ट्रिंकोमाली’ची. हे जहाज ज्या आराखड्यावर बांधलं, त्या आराखड्याचं मूळ इंग्लंडचं नव्हतंच. इंग्रजांनी 1782 मध्ये ‘हेबे’ नावाचं एक फ्रेंच जहाज पकडलं होतं. त्याची घडण इतकी चांगली होती की इंग्रजांनी त्याची मापं घेतली आणि त्यावरून आपल्या जहाजांचे नकाशे तयार केले. शत्रूची विद्या युद्धात पकडून आणली आणि बिनदिक्कत वापरली. 1812 मध्ये ‘ट्रिंकोमाली’चे नकाशे मुंबईला पाठवण्यासाठी ‘जावा’ नावाच्या जहाजावर चढवले गेले. हे ‘जावा’सुद्धा फ्रेंचांकडून पकडलेलंच. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जहाजाने त्याला गाठलं. डिसेंबरच्या अखेरीस झालेल्या लढाईत ‘जावा’ पराभूत झालं, पुढे जाळण्यात आलं आणि नकाशे गेले. मुंबईला दुसरी प्रत पाठवावी लागली. अखेर 12 ऑक्टोबर 1817 रोजी ‘ट्रिंकोमाली’ मुंबईच्या पाण्यात उतरलं. आज दोनशेहून अधिक वर्षांनी ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन केलेलं आहे आणि अजून पाण्यावर तरंगतं आहे.

फ्रेंच कल्पना, इंग्रजी रेघा, मलबारचा साग, मुंबईचे पारशी मास्टर बिल्डर आणि इथल्या नाव नसलेल्या सुतारांचे हात. एका जहाजात इतक्या सरहद्दी ओलांडल्या गेल्या. मग ज्ञानाला सरहद्द नसते असं म्हणून टाळ्या घ्यायच्या का? मी तसं म्हणणार नाही. नकाशे लंडनहून मुंबईला येत होते, कारण मालकाला जहाज हवं होतं. मुंबईचा सुतार कण्याला पहिलं लाकूड लावताना काय बघतो, सागाची फळी कुठल्या बाजूने वाकवतो, हे लंडनला विचारावंसं फारसं कुणाला वाटल्याचं दिसत नाही. उलट हिंदुस्थानात बांधलेली जहाजं थेम्स नदीत येऊ लागली तेव्हा लंडनच्या जहाजबांधणीकारांनी ओरड केली. आमचा धंदा बुडेल, आमच्या कामगारांची पोरं उपाशी मरतील. आपलं ज्ञान तिकडे जावं आणि तिकडून तयार माल येऊ नये, ही तऱ्हा आपल्याला आजही ओळखीची वाटेल.

एक आख्यायिका सांगतात. 1800 साली कंपनीसाठी बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर जमशेटजींनी गुपचूप काही शब्द कोरून ठेवले होते. आशय असा, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे. काळा या शब्दाआधी गोरे साहेब जी शिवी घालत, तीसुद्धा त्यांनी तशीच कोरली होती. बऱ्याच वर्षांनी ते जहाज दुरुस्तीसाठी मुंबईत परत आलं तेव्हा त्यांनी ती ओळ साहेबांना दाखवली म्हणतात. खरी असो वा रचलेली, ही गोष्ट मला कवी म्हणून फार भावते. सही करायची जागा मिळाली नाही, तर माणूस जिथे कुणी बघणार नाही तिथे सही करतो.

तिसरी भिंत वाफेबरोबर आली. लाकडाच्या जागी लोखंड आणि शिडाच्या जागी इंजिन येऊ लागलं. आता बापाकडे शिकवायला काही नव्हतं, कारण त्यालाच येत नव्हतं. घराण्याची शाळा एका पिढीत अपुरी पडली.

याच घराण्यात 1808 मध्ये जन्मलेले अर्देशर खरशेटजी. त्यांना इंजिनाचं वेड लागलं. विहिरीचं पाणी चढवायला त्यांनी एक लहानसं वाफेचं इंजिन स्वतः बनवलं. 1833 मध्ये ‘इंडस’ नावाच्या जहाजाला इंजिन बसवलं. 1834 मध्ये माझगावचा आपला बंगला आणि बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली आणि खुद्द गव्हर्नर ते बघायला आला. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. अर्देशर यांनी ही विद्या बंगल्याच्या आवारात ठेवली नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते आपल्या लोकांना यंत्रशास्त्र आणि रसायन शिकवू लागले. जे घराणं पिढ्यान्‌पिढ्या फक्त आपल्या मुलांना शिकवत आलं, त्याच घराण्यातला एक माणूस परक्या मुलांपुढे उभा राहिला. घराण्याची रीत मोडायला बाहेरून कुणी आलं नाही.

त्याच सुमारास, 1838 मध्ये, घराण्यातले आणखी दोन तरुण जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले. पाठोपाठ 1839 मध्ये अर्देशरही गेले. जहांगीर आणि हिरजीभाई चॅटमच्या सरकारी गोदीत शिकले. तिथे शिकण्याची रीत वेगळी होती. गणित होतं, रेखाटन होतं, कागदावर जहाज आधी उभं करायचं आणि मग लाकडात. हे दोघे तिथे अडीच वर्षं राहिले आणि 1841 मध्ये त्यांनी आपल्या मुक्कामाचं पुस्तक छापलं. आपल्या देशबांधवांना कळावं म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. अर्देशर यांनीही आपल्या प्रवासाची रोजनिशी छापली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सांध्याचं गुपित जिवापाड जपलं, त्या घरातली तीन मुलं जे पाहिलं ते छापून मोकळी झाली. माणसं तीच, रक्त तेच. बदललं ते वातावरण. जिथे प्रश्न विचारला की उत्तर मिळतं अशा जागी माणूस काही काळ राहिला, की त्याची मूठ आपोआप सैल होते.

1841 च्या मे महिन्यात अर्देशर लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे थेट 1918 मध्ये, श्रीनिवास रामानुजन. आणि त्याच 1841 मध्ये अर्देशर मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. हाताखाली गोरे कामगार आणि गोरे इंजिनिअर होते. मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने शंका काढली, की एतद्देशीय माणूस कितीही हुशार, कितीही शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांच्या कारखान्याची जबाबदारी त्याला झेपेल का? त्यांना येतं की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडून घ्यावं की नाही, हा प्रश्न होता.

अर्देशर यांनी ती जागा 1857 पर्यंत सांभाळली. मधल्या काळात ते अमेरिकेला जाऊन आले. शिवणयंत्र, फोटोग्राफी, विजेने धातूला मुलामा देण्याची रीत, अशा कितीतरी गोष्टी त्यांनी मुंबईला दाखवल्या असं सांगतात. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते इंग्लंडलाच स्थायिक झाले आणि 1877 मध्ये रिचमंड इथे वारले. 1969 मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. पण मुंबईच्या गोदीत बांधलेल्या आगबोटींची इंजिनं मात्र इंग्लंडहूनच येत राहिली. एका माणसाला पदावर बसवलं म्हणजे त्याची विद्या त्या जागेत रुजते असं नाही. ती रुजायला हाताखालच्यांनी विचारावं लागतं, वरच्यांनी विचारू द्यावं लागतं आणि सांगणाऱ्याचं सांगून नुकसान होऊ नये लागतं.

हे शेवटचं वाक्य मी इतिहासातून शिकलो नाही. ते मी घरी शिकलो.

अब्बांना काडीचं गुपित कळलं तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की आपण उस्ताद झालो तर कुणाला चहा आणायला पाठवायचं नाही. आणि ते उस्ताद झालेही. त्यांनी दोन पोरांना जवळ बसवून सगळं शिकवलं. धातू कसा ओतायचा, दांड्याला निळा रंग लावून बेअरिंगवर कुठे डाग पडतो ते कसं बघायचं, डाग पडेल तिथेच हलक्या हाताने कसं घासायचं. पोरं हुशार होती, वर्षभरात तयार झाली. मग वरून हुकूम आला, की आता हे काम पोरांनाच येतं, त्यांचा पगार कमी आहे, तेव्हा अब्बांचा ओव्हरटाइम बंद. माझ्या बहिणीचं लग्न त्या वर्षी ठरलं होतं. अब्बा घरी येऊन काही बोलले नाहीत. पण त्यानंतर शेडमध्ये नवा हेल्पर आला आणि मूस भट्टीवर चढली, की अब्बाही त्याला चहा आणायला पाठवू लागले.

हे त्यांनीच मला सांगितलं, निवृत्तीनंतर, एका ईदच्या दुपारी. सांगताना खाली बघत होते.

म्हणून मला आता त्या म्हाताऱ्या उस्तादाचा राग येत नाही. त्यालाही कधी कुणी असाच हुकूम दिला असेल. आपण ‘हा माणूस कंजूष आहे, शिकवत नाही’ असं पटकन म्हणतो. त्याआधी एवढंच विचारावं, की या ठिकाणी शिकवणाऱ्याला काय मिळतं? शिकवलं म्हणून त्याची जागा जाते, की त्याचा मान वाढतो? लवजीच्या मालकाने त्याला जाऊ दिलं, कंपनीने चांदीची फूटपट्टी दिली, चॅटमच्या गोदीने दोन परक्या पोरांना आत घेतलं. जिथे जिथे दार उघडलं, तिथे कुणाच्या तरी हातात ते उघडण्याचा अधिकार होता आणि त्याने तो वापरला.

माझ्या स्वतःच्या धंद्यातही हेच आहे. मी गझल लिहितो. जुन्या उस्तादांच्या बैठकीत शागीर्दाची ओळ दुरुस्त करून दिली जायची, पण ती का दुरुस्त केली ते सांगितलंच जाईल असं नसे. वृत्ताचा हिशेब ज्याचा त्याने चोरून शिकायचा. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ ही छोटीशी पुस्तिका लिहून ते गुपितच फोडलं. नव्या पोरांच्या हातात ती पडली. मला कॉलेजात असताना तिची झेरॉक्स एका मित्राकडून मिळाली आणि खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्या मुलाला उस्तादाच्या दारात वर्षानुवर्षं बसावं लागलं नाही. मराठी गझल आज गावोगावी लिहिली जाते, त्याचं बरंचसं श्रेय त्या पातळशा बाराखडीला आहे.

आणि तरीही दोन-तीन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे वही घेऊन आला. गझल चांगली होती, दोन शेरांत वृत्त ढळलं होतं. ‘‘सर, कुठे चुकतंय?’’ त्याने विचारलं. मी वही परत दिली आणि म्हणालो, ‘‘वाचत राहा, आपोआप कळेल.’’ तो गेला, आणि मला एकदम चहाची किटली आठवली. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून बोलावून घेतलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

अब्बा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यात हार घातला, नारळ दिला, घड्याळ दिलं. चाळीस वर्षांत काय काय कळलं, हे कुणी विचारलं नाही. अखेरच्या आजारात ते गॅलरीत खाटेवर पडून असायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं आणि काडीची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली. या वेळी बारीकसारीक तपशिलासकट. काडी देवदारचीच घ्यायची. पूर्ण वाळलेली. ओली काडी धातूत घातली तर धातू उसळतो, अंगावर येतो. घालून किती वेळ धरायची. करपल्याचा रंग कसा असतो. मी म्हटलं, ‘‘अब्बा, मला काय उपयोग? मी तर कवी माणूस.’’

ते म्हणाले, ‘‘तुला उपयोग नाही रे. पण तुला बोलायला येतं.’’

आता कारखान्यांत उष्णतामापक आहेत, काडीची गरज बहुधा कुणाला पडत नसेल. तरी एखाद्या लहानशा वर्कशॉपमध्ये एखादा मुलगा रेडिओ लावून बसला असेल, किंवा हे छापलेलं वाचत असेल, तर त्याच्यासाठी सांगतो. वाळलेली देवदारची काडी. पेटली तर थांब, पांढरी राहिली तर थांब. तपकिरी झाली की ओत. आणि कुणी शेजारी उभं असेल तर त्याला कुठे पाठवू नकोस.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित पाठ)